ट्रफल, रम आणि एक चिठ्ठी

दिवाळीच्या सुट्टीनंतर होस्टेलवर काय होतं ते कोणाला सांगायला नको. खोलीखोलीतून चकली, शेव, अनारशांचे डबे फिरतात, मेसमधली पोळी आठवडाभर कोणी मनापासून खात नाही, आणि शेवटी प्रत्येक डब्याच्या तळाशी चार शंकरपाळे उरतात. नाताळानंतर मात्र आमच्या मजल्यावर एकच डबा येतो आणि तो माझा असतो. मी वसईची. आमच्याकडे नाताळात घरोघरी गोडाची ताटं जातात. दिवाळीला शेजारच्या काकूंचा फराळ आमच्याकडे येतो, नाताळाला आमचं ताट त्यांच्याकडे जातं. करंज्या, कलकल, केक हे त्यातले जुने मानकरी. गेली काही वर्षं त्यात एक नवा पाहुणा आला आहे, घरी केलेलं चॉकलेट ट्रफल.

हा डबा उघडला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मोठ्या आवाजात: "कसं करतेस गं?" दुसरा हळू आवाजात, दाराकडे बघत: "यात 'ती' घातलीये का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून टाकावीत म्हणून हा लेख. पहिल्या उत्तराला थोडी केमिस्ट्री लागते. दुसऱ्याला थोडं गणित लागतं आणि गणिताच्या पलीकडचंही थोडं काही.

ट्रफल म्हणजे काय रे भाऊ?

ट्रफल ही मुळात जमिनीखाली वाढणारी एक महागडी बुरशी. युरोपात ओक वगैरे झाडांच्या मुळांशी ती सापडते. दिसायला ओबडधोबड, काळपट, मातीने माखलेली. चॉकलेटचा गोळा वळून कोको पावडरमध्ये घोळवला की तो अगदी तसाच दिसतो, म्हणून हे नाव. तेव्हा तुमचे ट्रफल वेडेवाकडे झाले तर बिनधास्त सांगा की अस्सल ट्रफल असेच असतात.

आतला मऊ भाग म्हणजे गनाश. गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून केलेलं मिश्रण. युरोपात त्यात रम, ब्रँडी किंवा एखादं लिक्युअर घालायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे नाताळाच्या केकसाठी बेदाणे, काजू, संत्र्याच्या साली रममध्ये भिजत घालतात. ती बाटली घरात असतेच, त्यामुळे ट्रफलमध्येही रमच जाते.

गनाशची केमिस्ट्री

चॉकलेटशी ज्याने कधी खेळ केलाय त्याला एक अनुभव असतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओल्या चमच्याचे दोन थेंब पाणी पडलं की सगळं चॉकलेट घट्ट, रवाळ चिखलासारखं होऊन बसतं. पण त्याच चॉकलेटमध्ये १२० मिली क्रीम ओतलं, ज्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तर छान चकचकीत सॉस तयार होतो. दोन थेंब वाईट आणि अर्धी वाटी चांगली, हे कसं?

उत्तर स्वयंपाकघरातच आहे. पिठीसाखरेत पाण्याचे दोन थेंब टाका, गुठळ्या होतात. अर्धी वाटी पाणी टाका, पाक होतो. चॉकलेट म्हणजे कोको बटर या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. थोडं पाणी आलं की साखरेचे कण वरून ओले होऊन एकमेकांना चिकटतात. भरपूर पाणी आलं की साखर त्यात विरघळते आणि चरबीचे थेंब त्या पाण्यात पसरतात. हे झालं इमल्शन, 'ऑइल इन वॉटर' जातीचं. चॉकलेटमधलं लेसिथिन आणि क्रीममधली प्रथिनं थेंबांभोवती उभी राहून त्यांना एकत्र यायला मज्जाव करतात. होस्टेलच्या गेटवर रात्री दहानंतर वॉचमनकाका करतात तेच काम.

इमल्शन फुटलं तर वर तेल तरंगतं आणि मिश्रण दाणेदार दिसतं. बहुतेक वेळा मिश्रण फार गरम असतं किंवा चरबीच्या मानाने पाणी कमी पडलेलं असतं. अशा वेळी फेकून देऊ नका. एक चमचा कोमट दूध घालून मधोमध लहान गोल फिरवत ढवळा, पुन्हा जमून येतं.

साहित्य

साधारण ४० ट्रफलसाठी:

डार्क चॉकलेट: ३०० ग्रॅम
फ्रेश क्रीम: १२० मिली
बिनमिठाचं लोणी: २० ग्रॅम
रम: ३० मिली (किंवा तेवढंच दुसरं काहीतरी, ते पुढे येईल)
घोळवायला कोको पावडर: अर्धी वाटी
चिमूटभर मीठ

चॉकलेटबद्दल एक सूचना. बाजारात केकच्या सामानाच्या दुकानात ज्या स्वस्त लाद्या मिळतात त्या बहुतेक 'कंपाउंड'च्या असतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. ती सहज वितळते, सहज घट्ट होते, पण जिभेवर मेणासारखी रेंगाळते. पाकिटावर घटकांची यादी वाचा. 'कोको बटर' लिहिलेलं असेल आणि पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड चरबी नसेल तर घ्या. मी ५५% कोकोच्या १५० ग्रॅमच्या दोन साध्या वड्या घेते, किराणा दुकानातही मिळतात.

परदेशी पाककृती तशाच्या तशा उतरवू नका. तिथलं क्रीम ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं असतं. आपल्याकडे टेट्रा पॅकमध्ये सहसा मिळतं ते २५ टक्क्यांचं. म्हणजे आपल्या क्रीममध्ये पाणी जास्त. तेच प्रमाण ठेवलं तर गनाश वळण्याजोगं घट्ट होत नाही. म्हणून क्रीम कमी आणि थोडं लोणी वरून.

कृती

१. चॉकलेट बारीक चिरून घ्या, साधारण तुरीच्या डाळीएवढे तुकडे. इथे आळस केला की पुढे गुठळ्या राहतात.

२. क्रीम मंद आचेवर ठेवा. कडेला बुडबुडे दिसले की लगेच उतरवा, उकळू देऊ नका.

३. गरम क्रीम चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. ही दोन मिनिटं सगळ्यात कठीण, व्हायवाच्या आधी बाहेरच्या बाकावर बसल्यासारखी. मग मधून सुरुवात करून हळूहळू ढवळा. काही तुकडे राहिलेच तर पातेल्यात पाणी गरम करून त्यावर भांडं धरा. पाणी भांड्याच्या बुडाला लागू देऊ नका.

४. लोणी आणि मीठ घाला. मिश्रण कोमट झालं, म्हणजे बोट बुडवल्यावर गरमही नाही आणि गारही नाही असं वाटलं, की रम थोडी थोडी करत घाला. एकदम ओतली तर इमल्शन फुटू शकतं.

५. झाकून चार तास, जमल्यास रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवा.

६. चमच्याने साधारण १२ ग्रॅमचे गोळे काढा आणि वळा. इथे लाडू वळायची सवय उपयोगी पडते आणि नडतेही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपला तळहात जवळपास तेवढाच गरम असतो. म्हणून तळहाताने नाही, बोटांच्या टोकांनी वळा. अधूनमधून हात थंड पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. वळलेला गोळा लगेच कोकोत घोळवा.

झालं. ज्यांना वर चॉकलेटचं कडक कवच हवं असेल त्यांच्यासाठी एक परिच्छेद, बाकीच्यांनी सरळ पुढच्या भागात जावं.

कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत घट्ट होऊ शकतं. मटेरियल सायन्सच्या पेपरात ज्याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात, तेच. यातलं पाचवं रूप आपल्याला हवं असतं: चकचकीत दिसतं, तोडताना कटकन आवाज येतो आणि तोंडात वितळतं. चॉकलेट नुसतं वितळवून गार केलं तर हलक्या जातीचे स्फटिकही होतात आणि काही दिवसांत वर पांढुरकी बुरशीसारखी छटा येते. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. पाचवं रूप मिळवायला डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून त्यात ट्रफल बुडवायचे. घरगुती युक्ती अशी की पाव भाग चॉकलेट न वितळवता बाजूला ठेवायचं आणि उरलेलं वितळून थोडं निवलं की हे तुकडे त्यात ढवळायचे. त्यातले चांगले स्फटिक बाकीच्यांना वळण लावतात. वसईत डिसेंबरातही दुपारी चांगलंच गरम होतं, त्यामुळे हे काम आम्ही पहाटे करतो.

"अगं, ती उडून जाते ना?"

आता दुसरा प्रश्न. रम घातली तर ट्रफलमध्ये ती उरते का?

नाताळाच्या केकबद्दल, ट्रफलबद्दल, हॉटेलातल्या सॉसबद्दल सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं: "अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे गरम केलं की उडून जातं." केमिकलच्या मुलांनी तरी हे वाक्य बोलू नये. शुद्ध इथेनॉलचा उत्कलनबिंदू ७८ आहे हे बरोबर, पण पाण्यात मिसळलेलं इथेनॉल शुद्ध इथेनॉलसारखं वागत नाही. मिश्रण उकळताना दोघांचीही वाफ एकत्र निघते, नुसती इथेनॉलची नाही. तसं नसतं तर डिस्टिलेशन कॉलमला इतक्या प्लेट्स कशाला लागल्या असत्या आणि आपल्याला मॅकेब-थिलेची पायऱ्यापायऱ्यांची आकृती कशाला काढावी लागली असती?

अमेरिकेच्या कृषी खात्याचा या विषयावर एक तक्ता आहे. उकळत्या पदार्थात दारू घालून आच बंद केली तर ८५% अल्कोहोल उरतं. वरून पेटवून दिली, ज्याला फ्लांबे म्हणतात, तरी ७५% उरतं. १५ मिनिटं शिजवलं तर ४०%, तासभर शिजवलं तर २५% आणि अडीच तास शिजवल्यावरही ५%. म्हणजे केकमधलीसुद्धा पूर्ण उडत नाही.

आणि ट्रफल तर आपण शिजवतच नाही. रम घालतो तेव्हा मिश्रण कोमट असतं, मग झाकण लावून फ्रिजमध्ये जातं. तेव्हा उत्तर साफ आहे: ट्रफलमध्ये घातलेली रम जवळजवळ सगळी ट्रफलमध्येच असते.

मग किती?

आता गणित. आपल्याकडच्या रमवर ४२.८% लिहिलेलं असतं, म्हणजे १०० मिलीत ४२.८ मिली इथेनॉल.

३० मिली रम × ०.४२८ = १२.८ मिली इथेनॉल
इथेनॉलची घनता ०.७८९, म्हणून वजन सुमारे १०.१ ग्रॅम
एकूण मिश्रण सुमारे ४७० ग्रॅम, म्हणून वजनाने सुमारे २.१%
४० ट्रफलमध्ये वाटलं तर एका ट्रफलमध्ये सुमारे पाव ग्रॅम

१० ग्रॅम इथेनॉल म्हणजे जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाणित पेय मानते तेवढं, आपल्या भाषेत एक लहान पेग. तो पेग ४० गोळ्यांत वाटला गेला आहे. चार ट्रफल खाल्ले तर पोटात एक ग्रॅम जातं. साठ किलोच्या माणसाच्या रक्तात त्याने फार तर १०० मिलीमागे अडीच मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल दिसेल. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. (एक बारीक गंमत: ट्रफल तोंडात असताना किंवा लगेच नंतर नळीत फुंकर मारली तर तोंडातल्या वाफेमुळे यंत्र ओरडू शकतं. चूळ भरून पंधरा मिनिटं थांबलं की ती वाफ राहत नाही.)

म्हणजे या ट्रफलने कोणी झिंगत नाही. झिंगायचं म्हणून कोणी चाळीसच्या चाळीस खाल्ले तर साखरेनेच आधी आडवा होईल.

इथे बहुतेक जण गणित संपवतात आणि म्हणतात, "पाव ग्रॅम! मग सांगायची गरजच काय?" माझं म्हणणं नेमकं इथून सुरू होतं.

पाव ग्रॅम कोणासाठी किती?

माझ्या मामाने दारू सोडून आता सहा वर्षं झाली. आधीची वर्षं कशी होती ते लिहायची ही जागा नाही, इतकंच सांगते की ती सोडणं घरातल्या सगळ्यांसाठी मोठी गोष्ट होती. सोडल्यानंतरच्या पहिल्या नाताळात तो एका ओळखीच्या घरी गेला. ताटात केक होता. त्याने विचारलं, "यात काही आहे का?" यजमानीण हसून म्हणाली, "अहो, भाजल्यावर उडून जाते सगळी, खा बिनधास्त!" त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मामाने एक घास घेतला, त्याला चव लागलीच. ज्याने वीस वर्षं ती चव ओळखली आहे त्याला ती एका घासात कळते. उरलेला तुकडा त्याने ताटलीत ठेवला आणि लवकर घरी परत आला. रात्रभर जागा होता, मामी सांगते.

त्या घासात किती ग्रॅम असेल? मोजायला बसलो तर नगण्य. पण मामाचा प्रश्न ग्रॅमचा नव्हताच. "मी घेणार नाही" हे त्याने ठरवलेलं होतं आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी परस्पर वेगळं ठरवलं, हा प्रश्न होता. त्यानंतर दोन नाताळ तो कोणाकडे गेलाच नाही. सगळ्या गावात ताटं फिरत असताना एक माणूस घरात बसून राहतो, कारण प्रत्येक ताटासमोर "यात काय आहे?" विचारणं त्याला नकोसं होतं, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.

काहींच्या बाबतीत हा नुसता मनाचा प्रश्न नसतो, शरीराचाही असतो. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरम नावाचं औषध देतात. आपलं शरीर इथेनॉलचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं अॅसिटेट. हे औषध दुसरी पायरी अडवतं. मग अॅसिटाल्डिहाइड साठतं आणि चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, छातीत धडधड, उलट्या असा त्रास होतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. म्हणूनच डॉक्टर अशा रुग्णांना खोकल्याच्या औषधातलं आणि सॉसमधलं अल्कोहोलसुद्धा टाळायला सांगतात. आणि कोण ही गोळी घेतंय हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

मग ज्यांच्या धर्मात दारू वर्ज्य आहे ते मित्रमैत्रिणी आहेत. गरोदर वहिनी आहे. शेजारचं पाच वर्षांचं पोर आहे, जे चॉकलेट दिसलं की विचारत बसत नाही. यातल्या कोणालाही "किती टक्के" हे जाणून घ्यायचं नसतं. "आहे की नाही" एवढंच हवं असतं. आणि ट्रफल हा असा पदार्थ आहे की बाहेरून बघून काही कळत नाही. कोकोत घोळवलेला रमचा ट्रफल आणि कॉफीचा ट्रफल शेजारी ठेवले तर करणारीलाही ओळखता येत नाहीत. चकलीत काय आहे हे बघून कळतं, ट्रफलमध्ये काय आहे हे फक्त देणाऱ्याला माहीत असतं. म्हणून सांगायची जबाबदारीही त्याचीच.

आमच्या घरची पद्धत

आम्ही दोन घाणे करतो, आधी बिनरमचा आणि मग रमचा. चमचे, भांडी, कोकोची ताटली वेगवेगळी. रमच्या डब्याला लाल फीत, दुसऱ्याला हिरवी. पण फितीवर भागत नाही, कारण फीत सुटते आणि रंगाचा अर्थ दुसऱ्या घरात कोणाला ठाऊक नसतो. म्हणून प्रत्येक डब्यात झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवतो:

"यात रम आहे. शिजवलेली नाही. फक्त मोठ्यांसाठी. फ्रिजमध्ये ठेवा. अमुक तारखेपर्यंत संपवा."

दुसऱ्या डब्यात:

"यात दारू नाही, इसेन्सही नाही. अंडं नाही. दूध आहे."

इसेन्सचा उल्लेख मुद्दाम. बाटलीतल्या काही इसेन्समध्ये अल्कोहोल हेच द्रावण म्हणून वापरलेलं असतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय 'बिनदारूचं' म्हणू नये.

मामा आता ताटं घेऊन आमच्याबरोबर फिरतो. हिरव्या फितीचे डबे तोच वाटतो.

बिनरमचा म्हणजे बेचव नव्हे

रम ट्रफलमध्ये करते काय? एक, तिचा स्वतःचा गुळासारखा, व्हॅनिलासारखा वास. रम उसाच्या मळीपासून होते, तेव्हा हे साहजिकच. दोन, अल्कोहोल पटकन उडणारं असल्यामुळे तोंडातल्या उबेने इतर वासही नाकापर्यंत लवकर पोचवतं. तीन, तिचा चरचरीतपणा गोडवा थोडा कापतो. हे तीन गुण दुसरीकडूनही मिळतात. ३० मिली रमच्या जागी ३० मिली:

कडक फिल्टर कॉफी: गोडवा कापायला उत्तम. होस्टेलवर सगळ्यात जास्त खपणारा प्रकार, सबमिशनच्या आठवड्यात तर विचारूच नका.

आटवलेला संत्र्याचा रस आणि किसलेली साल: ९० मिली रस आटवून ३० मिली करायचा. साल फक्त केशरी भागाची, पांढरा भाग कडू असतो.

गुळाचा पाक आणि जायफळ: दोन चमचे काळा गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून. रमच्या चवीच्या सर्वांत जवळ जाणारा हाच. ऊस दोघांचा एकच ना!

टिकतं किती?

आणखी एक गैरसमज: "दारू आहे म्हणजे टिकतं." पोर्टसारखी वाइन टिकते ती २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं म्हणून. आपल्या ट्रफलमध्ये आहे २ टक्के. त्याने जंतूंचं काही बिघडत नाही. आत क्रीम आहे हे लक्षात ठेवा. दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर, त्याहून जास्त नको.

प्रवासात डबा थर्मोकोलच्या पेटीत, शेजारी बर्फ केलेली पाण्याची बाटली. पोचल्यावर थंडगार डबा लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट हवेतलं पाणी थंड ट्रफलवर दव धरतं आणि कोको चिकट होतो. झाकण बंद ठेवून अर्धा तास थांबा, मग उघडा. ड्यू पॉइंट पेपरात येतो तसा डब्यातही येतो.

कायद्याचं थोडं

रेक्टर मॅडम हा लेख वाचणार आहेत हे मला माहीत आहे, पण हा भाग त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे रमसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे (वाइन आणि सौम्य बिअरसाठी २१), आणि परवानाही लागतो. म्हणजे बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांपैकीही बहुतेक जण त्यात बसत नाहीत. आमच्या घरी बाटली बाबांची, परवाना बाबांचा, आणि रम मोजून घालायचं कामही बाबांचं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही १९९३ पासून आहे, शेजारच्या गुजरातमध्येही आहे. तिकडच्या मैत्रिणीला लाल फितीचा डबा भेट द्यायचा विचारही करू नका, ती बिचारी फुकट अडकेल. आणि विकायचं डोक्यात असेल तर तो परवान्यांचा वेगळाच विषय आहे, या लेखाचा नाही.

होस्टेलवर मी फक्त हिरव्या फितीचा डबा आणते. नियम आहे हे एक कारण. दुसरं असं की होस्टेलवर डबा एका माणसाला दिलेला नसतो, तो फिरतो. पहिल्या खोलीत चिठ्ठी वाचली जाते, तिसऱ्या खोलीत झाकण हरवतं, पाचव्या खोलीत नुसते ट्रफल उरतात. तिथे कोण खातंय, कोणाची काय अडचण आहे, हे मला कळायची सोय नाही. जिथे चिठ्ठी माणसापर्यंत पोचेल याची खात्री नाही तिथे चिठ्ठी लागेल असा पदार्थ पाठवू नये, इतका साधा हिशोब.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा करून बघा. आधी गुळाचा घाणा करा, तो जमला की बाकी सगळं जमतं. आणि नाताळ असो, दिवाळी असो, डबा कोणताही असो, आत काय आहे ते वर लिहा. शेंगदाणे असतील तर शेंगदाणे, अंडं असेल तर अंडं, रम असेल तर रम. एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. घेणाऱ्याला मग काही विचारावं लागत नाही, तो सरळ खातो किंवा हसून शेजाऱ्याला देतो.

— तृतीय वर्ष, केमिकल